भीती एकीकडे, धोका दुसरीकडे

'कंडोम वापरला होता, फाटलाही नव्हता. तरी काही झालं असेल का?' हा प्रश्न ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या कुठल्याही त्वचा-गुप्तरोगतज्ज्ञाला किंवा सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशकाला नवा नाही. विचारणारा बहुधा पंचविशी-तिशीतला, शिकलेला, नोकरी करणारा पुरुष असतो. घसा खवखवतोय, जिभेवर पांढरं दिसतंय, मांडीवर दोन पुळ्या आल्यात, थर्मामीटर ९९ दाखवतोय, हे सगळे तो तारीखवार सांगतो. एक चाचणी निगेटिव्ह आली तरी त्याचे समाधान होत नाही. तो दुसऱ्या लॅबमध्ये जातो, मग तिसऱ्या. याच शहरांत असाही मोठा वर्ग आहे, ज्याने कंडोम कधी हातात धरलेला नाही, जोडीदाराची कधी चाचणी झाली का हे विचारलेले नाही, आणि ज्याची झोप शाबूत आहे. माझे म्हणणे असे की लैंगिक आजारांच्या बाबतीत आपल्याकडे भीती आणि धोका यांची फारकत झाली आहे. धोका नगण्य असतो तिथे भीती तुंबून राहते, आणि धोका खरा असतो तिथवर ती पोचतच नाही. ही चार घाबरट माणसांची खासगी अडचण असती तर तिच्यावर लेख लिहायचे कारण नव्हते. पण ही फारकत आपोआप झालेली नाही. ती गेल्या शंभर वर्षांत घडत गेली आहे, आणि तिची किंमत घाबरणाऱ्यापेक्षा न घाबरणाऱ्याच्या घरच्यांना जास्त मोजावी लागते.

आधी धोका मोजू. एचआयव्हीचेच उदाहरण घेऊ, कारण रात्री दोन वाजता छातीत धडधडते ते बहुतेक त्याच्याच नावाने. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे, म्हणजे हजारात दोन. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये ते जास्त आहे, पण राष्ट्रीय पाहणीत तेही २ टक्क्यांच्या आसपासच भरते. आपण भित्र्या माणसाच्या बाजूने हिशेब करू आणि ते ५ टक्के धरू. एचआयव्ही असलेल्या आणि उपचार न घेणाऱ्या स्त्रीशी कंडोमविना योनिमार्गे संबंध आला, तर पुरुषाला लागण होण्याची शक्यता दर १०,००० संबंधांमागे सुमारे ४ मानली जाते. नेहमी कंडोम वापरणाऱ्यांमध्ये लागण सुमारे ८० टक्क्यांनी घटते, असा २००२ सालच्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्ष आहे. आता गुणाकार करा. असे १० लाख संबंध घेतले तर त्यांतल्या ५०,००० मध्ये जोडीदार बाधित असेल. त्या ५०,००० मधून कंडोमविना २० जणांना लागण झाली असती. कंडोममुळे त्या २० चे ४ होतात. दहा लाखांत चार, तेही आकडे फुगवून धरल्यावर. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे जिवाला मुकतात, आणि तरीही दिवा-मुंब्र्याच्या वळणावर दारात उभा असलेला हाच तरुण मोबाइलवर एचआयव्हीची लक्षणे वाचत असतो. त्याला हसण्याचा हेतू नाही. भीती आकड्यांच्या मागून चालत नाही, एवढेच नोंदवायचे आहे.

कंडोमवर विश्वास नाही, असे यावर उत्तर येते. रबरात सूक्ष्म छिद्रे असतात आणि विषाणू त्याहून बारीक असतो, हे वाक्य गेली तीस वर्षे गावोगाव फिरते आहे. कारखान्यात प्रत्येक कंडोम विजेच्या चाचणीतून जातो. छिद्र असेल तर तो तिथेच बाद होतो. शिवाय विषाणू एकटा तरंगत नसतो, तो द्रवात असतो, आणि द्रव अडवणे हेच त्या रबराचे काम. पण तर्कापेक्षा पुरावा बरा. १९९४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये इसाबेल द व्हिन्सेन्झी यांनी युरोपातल्या अशा जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांत एक जण एचआयव्हीबाधित होता आणि दुसरा नव्हता. प्रत्येक वेळी कंडोम वापरणारी १२४ जोडपी होती. त्यांच्यात मिळून सुमारे १५,००० संबंध झाले आणि एकालाही लागण झाली नाही. कधी वापरला, कधी नाही, अशा जोडप्यांमध्ये मात्र दर वर्षी शंभरांत जवळपास पाच या वेगाने लागण होत गेली. आणि ही माणसे कुणा अनोळखी व्यक्तीकडे एकदा गेलेली नव्हती. बाधित जोडीदाराबरोबर महिनोन्‌महिने राहत होती. कंडोम फसतो तो बहुतेक वापरातल्या चुकांमुळे: मुदत उलटलेला, पाकिटात महिनाभर दाबून ठेवलेला, उशिरा चढवलेला, किंवा वंगण म्हणून खोबरेल तेल नाहीतर व्हॅसलिन लावलेला. तेलाने लॅटेक्स काही मिनिटांत कमजोर होते. आणि फाटला तर तो बहुधा असा फाटतो की कळल्यावाचून राहत नाही.

याहून बोलका पुरावा आपल्या घरातच आहे. सरकारने 'निरोध' १९६८ साली बाजारात आणला तो कुटुंब नियोजनासाठी. पाळणा लांबवायला वर्षानुवर्षे कंडोमवर विसंबणारी जोडपी डोंबिवलीच्या प्रत्येक सोसायटीत आहेत. गर्भधारणेच्या बाबतीत कंडोम काही अचूक साधन नाही. सर्वसाधारण वापरात वर्षाला शंभरातल्या सुमारे १३ स्त्रियांना तरीही दिवस जातात. एवढे असूनही नवरा-बायकोच्या बिछान्यात रबराची छिद्रे कुणी मोजत बसत नाही. तोच कंडोम, त्याच कंपनीचा, त्याच मेडिकलमधून आणलेला, लग्नाबाहेरच्या किंवा लग्नाआधीच्या संबंधात वापरला की अचानक बेभरवशाचा ठरतो. रबर तेच असताना विश्वास बदलत असेल, तर बदल रबरात झालेला नाही हे उघड आहे. या माणसाला जंतूपेक्षा केलेल्या गोष्टीची भीती वाटते आहे. पापाला शिक्षा झालीच पाहिजे असा हिशेब आत कुठेतरी पक्का झालेला असतो; शिक्षा लांबली की तो ती रक्तात शोधू लागतो. म्हणून निगेटिव्ह रिपोर्टने त्याला हायसे वाटत नाही. निर्दोष सुटलेल्या आरोपीने पुन्हा पुन्हा कोर्टात येऊन 'नीट तपासा' म्हणावे, तशी त्याची अवस्था होते.

यावर एक आक्षेप घेतला जातो, तो रास्त आहे आणि त्याला पळवाट न काढता उत्तर दिले पाहिजे. एचआयव्ही म्हणजे सगळे लैंगिक आजार नव्हेत, आणि कंडोम सगळ्यांपासून सारखे संरक्षण देत नाही. हे खरे आहे. गनोरिया आणि क्लॅमिडिया द्रवातून पसरतात, तिथे कंडोम चांगला अडसर ठरतो. पण हर्पिस, सिफिलिसचा व्रण आणि एचपीव्हीचे मस हे कंडोमने न झाकलेल्या त्वचेवरही असू शकतात. तिथे धोका कमी होतो, संपत नाही. आणखी एक 'पण' प्रश्न विचारणारा बहुधा शेवटी, खाली बघत सांगतो: मुखमैथुनाच्या वेळी कंडोम नव्हता. तिथे एचआयव्हीचा धोका जवळजवळ नाहीच, पण गनोरिया, सिफिलिस आणि हर्पिस त्या वाटेने येऊ शकतात. म्हणून 'संरक्षित संबंध म्हणजे शून्य धोका' असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की हा उरलेला धोका मोजता येतो आणि त्याला कॅलेंडर आहे. गनोरियाची जळजळ किंवा स्राव बहुधा दोन ते चौदा दिवसांत दिसतो. लक्षणे नसतील आणि तरी शंका असेल तर दोन आठवड्यांनी लघवीची तपासणी करता येते. सिफिलिसचा न दुखणारा व्रण साधारण तीन आठवड्यांनी, कधी ९० दिवसांपर्यंत उमटतो. रक्ताची व्हीडीआरएल किंवा आरपीआर चाचणी स्वस्त आहे आणि आजार पेनिसिलिनने बरा होतो. एचआयव्हीसाठी प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची चाचणी ४५ दिवसांनी, बोट टोचून होणारी जलद चाचणी ९० दिवसांनी निगेटिव्ह आली की विषय संपला. सहा महिने, वर्ष, अमुक तऱ्हेचा विषाणू लपून बसतो, या जुन्या चाचण्यांच्या काळातल्या गोष्टी आहेत. कंडोम खरोखर फाटला असेल आणि धोका मोठा असेल तर वाट न पाहता सरकारी रुग्णालय गाठायचे: ७२ तासांच्या आत सुरू केलेली आणि २८ दिवस घेतलेली औषधे लागण रोखू शकतात, आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितके बरे. हेपेटायटिस बी आणि एचपीव्हीसाठी लस आहे. एचपीव्हीची 'सर्व्हाव्हॅक' तर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येच बनते. सावधपणाची हद्द इथवर आहे. तिच्यापुढे जे चालते त्याला वैद्यकीय कारण नाही.

ते पुढचे कुठून येते हे पाहायला थोडे मागे जावे लागेल. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक एकहाती चालवले. गुप्तरोग हा पापाचा शिक्का नसून इतर आजारांसारखा आजार आहे, तो टाळता येतो आणि टाळायची साधने लोकांना सांगितली पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता; 'गुप्तरोगांपासून बचाव' या नावाचे पुस्तकच त्यांनी लिहिले. त्यांच्या मासिकाकडे येणाऱ्या प्रश्नांतही आजच्यासारखीच धास्ती असे, फक्त विषय वेगळा: हस्तमैथुनाने शरीर खंगेल का, बुद्धी जाईल का. अशा प्रश्नांना कर्वे सरळ, शास्त्रीय उत्तरे देत. त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, आणि खटला हरले. कर्व्यांना दंड झाला. घाबरलेल्या माणसाला खरी माहिती देणे हा गुन्हा ठरला, आणि त्याला घाबरवून चूर्ण विकणारे मात्र मोकळे राहिले. १९६० साली मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी 'धात सिंड्रोम' असे नाव देऊन जी अवस्था वर्णन केली, तीत 'धातू जातो' या समजुतीने खचलेल्या पुरुषाचे थकवा, धडधड, कंबरदुखी हे सारे त्रास खरे असतात. त्यांचे कारण मात्र त्याने मानलेले नसते. आजचा निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन फिरणारा तरुण त्याच घराण्यातला आहे. वीर्यनाशाच्या जागी विषाणू आला, एवढाच फरक.

मग एड्स आला. १९८६ मध्ये चेन्नईत भारतातले पहिले रुग्ण सापडले. त्या काळी औषध नव्हते, म्हणून भीती हेच औषध म्हणून वापरले गेले, आणि तेव्हा त्यात काही चूकही नव्हते. भिंतींवर कवट्या आल्या, 'एड्स म्हणजे मृत्यू' आले. २००२-०३ मध्ये मुंबईच्या होर्डिंगांवर आणि रेल्वे स्थानकांवर 'बलबीर पाशा को एड्स होगा क्या?' ही मोहीम झळकली. चतुर मोहीम होती ती. लोक बलबीर पाशा या काल्पनिक पात्रावर बोलू लागले. पण त्यातून सर्वसामान्याच्या मनात राहिला तो प्रश्न. उत्तर किती जणांनी ऐकले? दरम्यान वैद्यक पार पुढे गेले. एप्रिल २००४ पासून सरकार एचआयव्हीवरची एआरटी औषधे मोफत देऊ लागले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, ज्यात पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही सहभागी होती, लवकर उपचार घेणाऱ्या बाधित व्यक्तीकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पुढच्या अभ्यासांनी ते आणखी पक्के केले: औषधांमुळे रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला, तर संबंधातून लागण होत नाही. आज एचआयव्हीचा रुग्ण रोज एक गोळी घेऊन नोकरी करतो, संसार करतो, म्हातारा होतो. पण डोंबिवलीत २००० नंतर जन्मलेला मुलगाही १९९५ सालची भीती बाळगून असतो, कारण शाळेने त्याला त्यानंतरचे काही शिकवलेच नाही.

शाळेने सोडलेली ती जागा बाजाराने भरून काढली. लोकलच्या डब्यात दाराच्या वर, पंख्याच्या खाली, पत्र्यावर चिकटवलेली चारबोटी पत्रके पाहा: गुप्तरोग, स्वप्नदोष, नामर्दी, मूळव्याध, सगळे एका ओळीत; खाली 'खात्रीशीर इलाज, गुप्तता पाळली जाईल', मोबाइल नंबर आणि 'स्टेशनजवळ'. औषधी व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे. गुप्तरोगावरील उपचाराची आणि लैंगिक शक्ती वाढवण्याची जाहिरात करण्यास त्याने मनाई केली आहे, पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. सत्तर वर्षांत ती पत्रके चिकटवणाऱ्याचा डिंक काही वाळलेला नाही. पण भोंदू वैद्याला शिव्या देणे सोपे आहे. त्याच्या शेजारीच दुसरे दुकान स्वच्छ काचेचे आहे, त्याकडे आपण कमी पाहतो. खासगी लॅबची 'फुल एसटीडी पॅकेज' नावाची यादी घरबसल्या मागवता येते, रविवारी सकाळी माणूस येऊन रक्त घेऊन जातो, संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येते. सोबत एक शब्द बोलणारा कुणी नसतो. या यादीत हर्पिसची आयजीएम चाचणीही अनेकदा असते; ती नवी लागण ओळखायला भरवशाची नाही आणि लक्षणे नसलेल्यांमध्ये हर्पिससाठी रक्त तपासूच नये, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. त्यात 'पॉझिटिव्ह' छापून आले की आधीच पोखरलेल्या मनाला नवे घर मिळते. दरम्यान कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याने मेडिकलमधून चिठ्ठीविना अझिथ्रोमायसिन घेऊन दोन-तीन गोळ्या गिळलेल्या असतात. गनोरियाचे जंतू औषधांना दाद देईनासे होत आहेत ते अशा अर्धवट डोसांमुळेही.

'पुन्हा तपासले तर बिघडते काय? पैसे त्याचे, रक्त त्याचे,' असा दुसरा आक्षेप. बिघडते, आणि कसे ते आकड्यांत दाखवता येते. समजा एखादी चाळणी-चाचणी ९९.५ टक्के वेळा निरोगी माणसाला निरोगी म्हणते. उत्तमच म्हणायची. पण ज्यांना धोका जवळपास नव्हता अशा १०,००० निरोगी लोकांनी ती करून घेतली, तर त्यांतले ५० जण विनाकारण 'रिअ‍ॅक्टिव्ह' ठरतील. खऱ्या बाधितांची संख्या त्या गटात एखाददुसरी असेल किंवा नसेलही. म्हणजे या गटात रिअ‍ॅक्टिव्ह ठरलेल्यांपैकी जवळजवळ सगळे निरोगीच असतात. याचसाठी सरकारी केंद्रात एका किटवर कुणाला बाधित म्हणत नाहीत. पहिली रिअ‍ॅक्टिव्ह आली तर आणखी दोन वेगवेगळ्या किटवर तपासून तिन्ही जुळल्या तरच निदान होते. जो माणूस आठव्यांदा, नवव्यांदा रक्त देतो, तो सत्याच्या जवळ जात नसतो. चुकीच्या धक्क्याची सोडत काढत असतो. आणि प्रत्येक चाचणी दोन दिवसांचा दिलासा देऊन तिसऱ्या दिवशी शंका वाढवते, हे मनोविकारतज्ज्ञांना चांगले ठाऊक आहे. खात्री मागत राहण्याची सवय हाच तिथे आजार असतो. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली आय.पी.एच. ही संस्था उभी केली, ती मनाच्या आजाराबद्दल बोलणे घराघरांत रुळावे म्हणून. ज्या शहरात ती वाढली तिथे तरी, तीन निगेटिव्ह रिपोर्टांनंतर चौथ्या लॅबचा पत्ता शोधण्याऐवजी मानसोपचाराचा दरवाजा ठोठावायला हरकत नसावी.

आता सर्वांत जुना आणि सर्वांत लोकप्रिय आक्षेप: भीती आहे म्हणून लोक मर्यादेत राहतात, ती काढून घेतली तर ताळतंत्र सुटेल. हा युक्तिवाद करणाऱ्यांनी या भित्र्या माणसाचे मन शेवटपर्यंत वाचलेले नाही. कंडोम वापरूनही जर तीन महिने तळमळायचेच असेल, तर पुढच्या वेळी तो वापरण्याचे कारण काय उरते? साधनावरचा विश्वास उडवून सावधपणा वाढत नाही, कमी होतो. शिवाय भीतीने संबंध थांबतात असा अनुभव नाही. थांबते ते संबंधांविषयीचे बोलणे, आणि थांबतो तो दवाखान्याचा रस्ता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, देशभरात एचआयव्हीविषयी पुरेशी माहिती असलेल्या स्त्रिया केवळ २१.६ टक्के आणि पुरुष ३०.७ टक्के निघाले. चाळीस वर्षांच्या घाबरवण्यातून एवढेच शिक्षण हाती लागले असेल, तर शिक्षक म्हणून भीती नापास झाली आहे.

आणि ज्याला घाबरायला हवे होते तो कुठे आहे? त्याच पाहणीत, देशात कंडोम हे साधन वापरणाऱ्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण ९.५ टक्के होते. म्हणजे बहुसंख्य घरांत नवऱ्याने बाहेर काय केले, कंडोमसह की कंडोमविना, याचा परिणाम बायकोच्या शरीरावर थेट होतो, आणि तिला विचारायचीही सोय नसते. संबंधातून पुरुषाकडून स्त्रीला एचआयव्हीची लागण होण्याचा दर उलट दिशेच्या सुमारे दुप्पट आहे. क्लॅमिडिया आणि गनोरिया स्त्रीमध्ये बहुतेकदा मुके राहतात आणि गर्भनलिका खराब झाल्यावर, मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्यावर उघडकीस येतात. तोवर दोष तिच्याच पदरात पडलेला असतो. आपल्याकडे कित्येक कुटुंबांत एचआयव्हीची आणि सिफिलिसची पहिली चाचणी होते ती सुनेची, ती गरोदर राहिल्यावर, प्रसूतिगृहातल्या नेहमीच्या रक्ततपासणीत. नवऱ्याचा रिपोर्ट तिच्या रिपोर्टावरून निघतो, आणि मग 'हिच्यामुळेच आले' म्हणायला सासर मोकळे असते. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांचेही तसेच. कंडोमविना गुदमैथुनात स्वीकारणाऱ्याला असलेला एचआयव्हीचा धोका दर १०,००० संबंधांमागे सुमारे १३८ आहे, म्हणजे आपण वर धरलेल्या ४ च्या तीसपटीहून अधिक. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा संबंधांवरचा गुन्ह्याचा डाग पुसला, पण कल्याणच्या एखाद्या फॅमिली डॉक्टरसमोर हे वाक्य उच्चारण्याची हिंमत निकालाने येत नाही. खरा धोका असलेली ही माणसे रात्री जागत नाहीत असे नाही. त्यांच्या जागण्याला विचारायला जागा नाही.

'म्हणजे बायकोला फसवणाऱ्याची टोचणी तुम्ही आकडेमोडीने पुसून टाकता,' असे कुणी म्हणेल. मुळीच नाही. ज्याने शब्द मोडला त्याला टोचणी लागलीच पाहिजे, असेही मी म्हणेन. पण तिची फेड रक्ताच्या नळीत होत नाही. दहा वेळा स्वतःचे रक्त तपासून पत्नीशी मात्र पूर्वीसारखाच, कंडोमविना, काही न सांगता संबंध ठेवणारा माणूस पश्चात्तापी नाही. तो फक्त स्वतःसाठी घाबरलेला आहे. टोचणी खरी असेल तर ती त्याला आधी एवढे करायला लावेल: आपली एकदाची, योग्य दिवसाची चाचणी होईपर्यंत घरातही कंडोम वापर. आणि ज्याने कुणाचा शब्द मोडलेला नाही, जो अविवाहित आहे, ज्याने संमतीने आणि काळजी घेऊन संबंध ठेवला, त्याला टोचणी कशाची? त्याने जे करायला हवे होते ते केले आहे. आपली नीतिकल्पना या दोघांत फरक करत नाही, म्हणून दोघेही एकाच लॅबच्या रांगेत उभे असतात.

सरकारी व्यवस्था यासाठी नाही असे म्हणता येणार नाही. ठाण्याचे जिल्हा रुग्णालय, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर, या ठिकाणी एचआयव्हीची समुपदेशनासह चाचणी मोफत होते. एक लहान खोली, एक टेबल, भिंतीवर लाल फितीचे पोस्टर, टेबलावर कंडोम कसा चढवायचा ते दाखवायचे लाकडी लिंग आणि एक जाड नोंदवही. समुपदेशक आधी विचारतो काय झाले, कधी झाले. मग लेखी संमती, मग बोटाला सुई, मग वीसेक मिनिटांची वाट, आणि रिपोर्ट हातात देताना पुन्हा बोलणे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. संमतीविना चाचणी आणि संमतीविना वाच्यता दोन्ही त्याने बेकायदा ठरवली आहेत. लॅबच्या पीडीएफपेक्षा या खोलीत मिळणारी गोष्ट मोठी आहे: समोर बसलेला माणूस 'तुमचा धोका एवढा आहे, अमुक तारखेला या, नंतर येऊ नका' असे सांगतो. भीतीला तिच्या मापात आणणारे एवढे एकच ठिकाण आपल्याकडे आहे.

फक्त ते उघडे असते ओपीडीच्या वेळेत. डोंबिवलीचा आणि कल्याणचा नोकरदार तेव्हा मुंबईत असतो; सकाळची फास्ट पकडून गेलेला माणूस रात्री आठ-नऊला परततो, आणि अर्धी रजा टाकायची तर हापिसात कारण काय सांगणार? घरकाम करणाऱ्या, कारखान्यात जाणाऱ्या बायकांची अडचण याहून मोठी आहे. म्हणून कल्याण-डोंबिवली आणि ठाणे महापालिकांकडे माझी मागणी साधी आहे: स्थानकापासून चालत जाता येईल अशा एखाद्या आरोग्य केंद्रात आठवड्यातून दोन संध्याकाळी, रात्री नऊपर्यंत, समुपदेशक आणि चाचणी ठेवा, केंद्राच्या पाटीवर एड्सचे नाव नको, तिथे रक्तदाब आणि साखरही तपासा, म्हणजे आत जाणाऱ्याकडे कुणी वळून पाहणार नाही. ते होईपर्यंत, ज्याला आज रात्री प्रश्न पडला आहे त्याने लक्षणे शोधत बसण्याऐवजी १०९७ हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा नंबर फिरवावा. फोन मोफत आहे आणि नाव सांगावे लागत नाही.